अकरा किलो

डॉक्टरबाईंनी फाईलमधून मान वर न काढताच विचारलं, "मुद्दाम काही करताय का? डाएट, औषध, काही?" आणि ती म्हणाली, "नाही." इतक्या सहज म्हणाली, की म्हटल्यावर तिची तीच चकित झाली. बाहेर वजनकाट्यावर नर्सनं तिला आधीच दोनदा चढवलं-उतरवलं होतं. "मशीनला काय झालंय आज," असं पुटपुटत नर्स स्वतः चढून पाहून आली होती. मशीनला काही झालं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी एकोणसत्तर, आज अठ्ठावन्न. डॉक्टरबाईंचं पेन त्या दोन आकड्यांच्या मध्ये थांबलं. शेजारच्या खुर्चीत नवरा मांडीवर रिपोर्टांची पिशवी घेऊन बसला होता. त्यानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "भूक लागते का? जेवण जातं?" नवराच म्हणाला, "चिमणीएवढं खाते हो. दोन घासांत पोट भरलं म्हणते." डॉक्टरबाईंनी तिच्या काखेत, मानेशी, उरलेल्या स्तनाखाली बोटं दाबून पाहिली, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका, पण मी सगळं एकदा बघून घेते. स्कॅन, हाडं, रक्त. लवकरच." अडीच वर्षांपूर्वी याच खोलीत याच आवाजात त्या 'घाबरू नका' म्हणाल्या होत्या. नवऱ्याच्या बोटाचं टोक बंदाखाली पांढरं पडलं होतं.

खोलीबाहेर पडल्यावर लिफ्टपाशी सांगू, असं तिनं ठरवलं. लिफ्टमध्ये माणसं होती. गेटपाशी सांगू, तर गेटपाशी नवरा लेकीला फोन लावून उभा. "काही नाही गं, नेहमीचंच चेकअप. जरा वजन उतरलंय म्हणून बघतायत," असं तो म्हणत होता, आणि म्हणताना पाठ तिच्याकडे करून उभा होता, म्हणजे तोंड दिसू नये. मग घरी जाऊन सांगू. घरी आल्यावर त्यानं बूटही न काढता स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवलं आणि तिच्यासमोर पेला आणून ठेवला. वर जाड साय. "पी." तिला त्या वासानंच ढवळून आलं. तिनं पेला हातात धरला, तो कपडे बदलायला गेला आणि तिनं दूध बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता सांगणं आणखी अवघड झालं आहे. सकाळी एक 'नाही' होतं, दुपारी त्यात दुधाचा पेला मिळाला होता. उद्या आणखी काही मिळेल. प्रत्येक तासाला ते वजनदार होत जाणार होतं, आणि ती मात्र हलकी.

आजाराच्या त्या वर्षात ती फुगली होती. लोकांना वाटतं, कॅन्सर म्हणजे माणूस वाळत जाणार. तिचं उलटं झालं. औषधांबरोबरची स्टिरॉइडं, मग पाळी एकदम बंद पडली, मग रोजची हार्मोनची गोळी, पाच वर्षं घ्यायची. चौदा किलो चढले. डाव्या बाजूला सपाट, खाली पोटाचा डोंगर, चेहरा ताटासारखा. आणि भेटेल तो म्हणायचा, "वा, तब्येत छान सुधारली हो!" तीही हसून "हो ना" म्हणायची. जगलो वाचलो, आणखी काय हवं. चष्म्याच्या दुकानात काम करायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांसमोर आरसा धरायचा. गिऱ्हाईक फ्रेम चढवतं, मान डावी-उजवीकडे फिरवतं, स्वतःला बघून लाजतं, आणि आपण आरशाच्या मागून म्हणायचं, "ही खुलून दिसते तुम्हाला." वीस वर्षं ती हे करत आली होती. पण आरसा काउंटरवर परत ठेवताना तो क्षणभर आपल्याकडे वळतो. तेवढ्यात त्यात जी कुणी बाई दिसायची तिला ती ओळखत नव्हती. एका गिऱ्हाइकाच्या पोरीनं तिच्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "बाळ कधी येणार?" आई ओशाळली, मालक हसले, तीही हसली, आणि डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन अक्षरांच्या उजळ फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मेलेच नाही ना, मग हे कसलं रडं, असं तिनं स्वतःला दटावलं. दटावणं लागू पडलं नाही. डॉक्टरबाईंनी एकदा ओझरतं म्हटलं होतं, "वजन थोडं आणा खाली, चालत जा, आजार उलटू नये या दृष्टीनंही बरं." हे वाक्य तिनं जपून ठेवलं. पुढे कुणी विचारलंच तर दाखवायला ते कामी आलं असतं. पण आपण ते त्या कारणासाठी करत नाही आहोत हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला फक्त परत पहिल्यासारखं दिसायचं होतं, आणि तेवढंच म्हणायची तिला लाज वाटत होती.

कारण खिडकीवाली होती. सलाईनच्या वॉर्डात हिची खुर्ची दाराशी आणि तिची खिडकीशी, म्हणून खिडकीवाली. खरं नाव फाईलवर होतं, पण तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. ती शाळेत गणित शिकवायची. डोक्याला रुमाल, ओठ सुजलेले, आणि तरी तोंडाची टकळी चालूच. "अगं दारवाली," ती वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडायची, "त्या नर्सला सांग, सुई आधी स्वतःला टोचून दाखव." हिचं वजन चढत होतं तसं तिचं उतरत होतं. दर तीन आठवड्यांनी दोघी वजनकाट्यावर एकामागोमाग चढायच्या आणि खिडकीवाली हिशेब करायची, "तू अधिक दोन, मी उणे दोन. बेरीज शून्य. म्हणजे आपण दोघी मिळून ठणठणीत." एकदा मात्र तिनं हात पुढे केला होता. मनगटाचं हाड नुसतं कातडीनं झाकलेलं. म्हणाली, "तुझ्यातले पाच किलो मला दे गं. तुला जड झालेत, मला लागतायत." दोघी हसल्या. नंतर एका खेपेला खिडकीशी दुसरंच कुणीतरी बसलं होतं. नर्सला विचारलं तेव्हा ती सलाईनची नळी उगाचच टिचकी मारून बघत राहिली. हिला त्या दिवशी रडू आलं नव्हतं. दीड वर्षानं आलं, त्या अंधाऱ्या खोलीत, पोटाची कातडी चिमटीत धरून पहिलं इंजेक्शन टोचताना. खिडकीवालीचा जीव ज्या वाटेनं गेला, त्याच वाटेनं आपण पैसे मोजून, मजेनं चाललो आहोत, असं तिला वाटलं. रडली, आणि टोचून घेतलं. दोन्ही केलं.

ते इंजेक्शन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका क्लिनिकमध्ये मिळालं होतं. तिथं भिंतीवर हसऱ्या सडपातळ बायकांचे फोटो, आणि एका फॉर्मवर प्रश्न: पूर्वी काही गंभीर आजार? तिनं तिथंही 'नाही'च लिहिलं होतं. डॉक्टरनं वर पाहिलं नाही. डाव्या बाजूला आत घातलेला कापसाचा उभार त्याला कळला नसावा, किंवा कळून घ्यायचा नसावा. आठवड्यातून एकदा, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत. पेनासारखी ती सुई दुकानाच्या छोट्या फ्रीजमध्ये, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या मागे. मालकांना सांगितलं होतं, व्हिटॅमिन आहे. सोमवारी टोचलं की मंगळवार-बुधवार मळमळ. पाण्याचा घोट नको वाटायचा. आणि खरी गोम इथंच होती, जी ती स्वतःशीही मोठ्यानं बोलत नव्हती. नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं तिच्या हार्मोनच्या गोळीचाही तक्ता करून फ्रीजच्या दारावर चिकटवला होता, महिन्याला एक पान, रोजच्या चौकोनात तिनं बरोबरची खूण करायची. मळमळीच्या दिवशी ती गोळी पोटात राहत नसे. एकदा उलटून पडली, दुसऱ्यांदा पडली, मग ती त्या दिवशी घेईचना. संडासात टाकायची आणि येऊन खूण करायची. जी गोळी तिला जिवंत ठेवण्यासाठी होती ती वाहून जात होती, आणि जी सुई कुणी घ्यायला सांगितली नव्हती ती चालूच होती. आणि बुधवारी संध्याकाळी मळमळ ओसरली की ती कपाटातला जुना निळा कोट चढवून बघायची. एक बटण लागलं. मग दोन. मग सगळी. त्या दिवशी ती पंचवीस वर्षांच्या मुलीसारखी खोलीत गोल फिरली होती. नवरा दारात येऊन उभा राहिला, आणि त्याचा चेहरा खुलला नाही. "सैल होतोय की गं तो तुला," तो म्हणाला. तिला वाटलं, याला कौतुक करता येत नाही. तो तेव्हापासूनच घाबरलेला होता, हे तिला आत्ता, या पंधरा दिवसांत कळत होतं.

पंधरा दिवस. रिपोर्ट हातात यायला तेवढे लागले. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी रजा टाकली, जी त्यानं लेकीच्या बारशालाही टाकली नव्हती. तो अंडी उकडायचा, सूप गाळायचा, पावावर लोणी थापायचा आणि समोर बसून ती चावते का ते बघायचा. तिनं सोमवारचं इंजेक्शन घेतलं नाही. इतकं तरी करू या, म्हणाली मनाशी. पण आधीच्याचा अंमल उतरेना, घास घशाखाली जाईना, आणि प्रत्येक न गिळलेल्या घासाबरोबर नवऱ्याचं तोंड उतरत जाई. बोलायला ती रोज तोंड उघडत होती. "ऐक ना," म्हणायची. तो इतक्या घाईनं वळायचा, "काय? दुखतंय का कुठे?", की ती म्हणायची, "पाणी दे." स्कॅनच्या दिवशी डॉक्टरबाईंनी शब्द टाकून तिला मध्येच जागा करून दिली होती. बाहेर बाकावर रुमाल बांधलेली एक तरुण बाई बसली होती, उपाशी, ओठ कोरडे. तंत्रज्ञ तिला म्हणाला, "ताई, एक अर्जंट घेतोय, तुमचं तासाभरानं." त्या बाईनं मान डोलावली आणि हिच्याकडे बघून वर हसली, धीर द्यावा तशी. नळकांड्यात यंत्राचा आवाज म्हणाला, श्वास घ्या, धरून ठेवा. तिनं धरून ठेवला. सोडा, म्हणाला, तरी थोडा वेळ तिनं तो सोडला नाही.

चौदाव्या दिवशी लेक आली. लेक पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. लांबच्या एका खाडीवरचा पूल तिला एकटीला सांभाळायला मिळणार होता, वर्षभर तीच एक गोष्ट तिच्या तोंडी होती. आल्या आल्या तिनं बॅग टाकली, आईला मिठी मारली आणि मिठीतच तिचे हात थबकले. पाठीची हाडं मोजावीत तसे. "काय गं हे, आई," एवढंच म्हणाली. मग चहा घेताना, दुसरंच काहीतरी बोलता बोलता म्हणाली, "मी तो पूल नको म्हटलं त्यांना. दुसऱ्याला दिलाय. बरं झालं, तिकडे डास फार आहेत." नवरा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आत गेला. तिनं आपला कप बशीवर ठेवला. एक पूल. आपल्या कोटाची बटणं लागावीत म्हणून कुठल्यातरी खाडीवर दुसऱ्याच कुणाचा पूल उभा राहणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच लेकीला परत कामावर जावं लागलं. "रिपोर्ट कळला की त्याच मिनिटाला फोन," असं बजावून गेली.

डॉक्टरबाईंनी पाकीट उघडलं, पडद्यावर चित्रं लावली आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे. सगळं स्वच्छ. हाडं, यकृत, फुप्फुसं, काही नाही." नवऱ्यानं रिपोर्टांची पिशवी तोंडावर धरली. तिच्याआडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. तिच्याही छातीत काहीतरी सुटलं, कारण आपण खोटं बोलतोय हे माहीत असूनही, इतक्या लोकांना भीती वाटतेय म्हटल्यावर तीही आतून भ्यायला लागली होती. झालं, सुटलो. आता कुणाला काही कळायची गरज नव्हती. इंजेक्शन गुपचूप बंद, वजन हळूहळू परत, सगळे खूश. तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण मग अकरा किलो गेले कुठे? हे मला सोडून देता येत नाही. आता घशातून दुर्बीण घालून पोट बघू. सोमवारी या." नवऱ्यानं पिशवी खाली घेतली. डोळे पुसत, अगदी उत्साहानं म्हणाला, "सोमवारी? येतो की. रजा वाढवतो मी."

"मी इंजेक्शन घेते," ती म्हणाली. "वजन उतरायचं. पाच महिने झाले."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. डाव्या काडीचा स्क्रू ढिला आहे, असं तिच्या मनात नको तेव्हा येऊन गेलं. मग त्यांनी कारकुनासारखं विचारायला सुरुवात केली. कुठलं, किती, कोणी दिलं, उलट्या किती, शेवटचं कधी. ती सांगत गेली. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला विचारायचं होतंत. कदाचित मी थांबा म्हटलं असतं, कदाचित करू या म्हटलं असतं. इथं येणाऱ्या काही जणी घेतातसुद्धा, मी लक्ष ठेवते. तुमच्यासारख्यांवर या औषधाचा पुरता अभ्यास अजून व्हायचाय, म्हणून तर लक्ष ठेवायचं ना. मी काही खाणार नव्हते तुम्हाला. का नाही विचारलंत?"

"तुम्ही जीव वाचवलात," ती म्हणाली. "त्यावर आणखी बरं दिसायचंही मागायचं? कुठल्या तोंडानं मागणार?" बोलताना तिला खिडकीवालीचं मनगट दिसत होतं, पण ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणि हार्मोनची गोळी? ती नियमित?"

तिच्याआधी नवराच बोलला. इतका वेळ तो भिंतीकडे बघत होता. आता मात्र सवयीनं, जणू निदान हे एक तरी आपल्या हातचं आहे अशा ठामपणानं म्हणाला, "गोळी एक दिवस चुकलेली नाही, डॉक्टर. तक्ता आहे माझ्याकडे. हा बघा, आणलाय बरोबर." आणि पिशवीतून त्यानं पाच पानं काढली, घडी न पडू देता पुठ्ठ्यात ठेवलेली. ओळीनं निळ्या शाईच्या खुणा. डॉक्टरबाईंनी पानं घेतली. तिला वाटलं, हे तरी राहू द्यावं. एवढं एक त्याच्यापाशी असू द्यावं.

"त्या खुणा खोट्या आहेत," ती म्हणाली. "सगळ्या नाहीत. मंगळवार-बुधवारच्या."

नवऱ्यानं पानं परत मागून घेतली, पहिल्या पानावरचे मंगळवार बोटानं मोजले, मग थांबला, आणि सगळी पानं होती तशी पुठ्ठ्यात ठेवून दिली. डॉक्टरबाई समजावत होत्या की इतक्या गोळ्या चुकल्या म्हणून आकाश कोसळत नाही, पण त्या चुकल्या हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. सध्या इंजेक्शन बंद, दोन महिन्यांनी परत या, मग नीट, उघडपणे ठरवू. दुर्बिणीचं सोमवारचं त्यांनी खोडलं. कागदावर सरळ एक रेघ मारली, बस.

बाहेर बसस्टॉपच्या बाकावर दोघं बसली. दुपारची वेळ, रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. एक बस आली, गेली. तो उठला नाही. तो रागावेल, ओरडेल, लोक बघतील, याची तिनं तयारी केली होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं समोर बघतच विचारलं, "इंजेक्शनचं जाऊ दे. बायका घेतात, मला काय कळतं त्यातलं. एकच सांग. या पंधरा दिवसांत सकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचो, तेव्हा तू जागी असायचीस?"

खोटं बोलणं अजूनही सोपं होतं. जीभ तयारच होती.

"हो," ती म्हणाली.

"ऐकू यायचं?"

"यायचं."

त्यानं मान डोलावली. वेळापत्रकात एखादी बस ठरल्या वेळी सुटली नाही असं कळल्यावर डोलवायचा तशी, म्हणजे कळलं, नोंद घेतली, आता काही करता येण्यासारखं नाही. पिशवी त्यानं दोघांच्या मध्ये ठेवली. मग म्हणाला, "पोरीला फोन करायचाय. वाट बघत असेल." आणि खिशातला फोन काढून नंबर लावायच्या आधीच तिच्यापुढे धरला. "तू कर. मी नाही सांगणार तुझं."

तिनं फोन घेतला. एकच रिंग झाली. पलीकडे कुठलीतरी यंत्रं घरघरत होती, माणसं ओरडत होती, आणि त्यातून लेकीचा धापा टाकणारा आवाज आला, "आई? बोल. काय म्हणाले?"

"स्वच्छ आहे. काही नाही निघालं."

लेकीनं किंकाळीच फोडली. कुणाला तरी "माझी आई ठीक आहे!" असं ओरडून सांगितलं, तिकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग तिला रडू फुटलं, मग रडता रडता हसू. "मी येतेय, आज संध्याकाळीच येतेय, काय आणू सांग," ती म्हणत होती. नवरा बाकावर सरकून थोडा लांब बसला होता, पण ऐकत होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "आनंद नंतर कर. यंत्रांचा आवाज येणार नाही अशा जागी जाऊन उभी राहा. तुझ्या पुलाबद्दल मला तुला काही सांगायचंय, आणि मी सांगेपर्यंत फोन ठेवू नकोस."